भरतीची धाव आणि गुडघ्याचे दुखणे

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की भंडारा जिल्ह्यातील गावोगावच्या रस्त्यांवर पहाटेच्या अंधारात धावणाऱ्या तरुण-तरुणींची संख्या वाढू लागते. तुमसर तालुकाही त्याला अपवाद नाही. धानाची शेती, राईस मिल आणि चिखला, डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीजच्या खाणी यांपलीकडे रोजगाराची साधने मर्यादित असल्याने वर्दीची नोकरी हे येथील अनेक घरांचे स्वप्न असते. मात्र सराव सुरू होऊन काही आठवडे लोटतात न लोटतात तोच अनेकांचा गुडघा बोलू लागतो. वयोमर्यादा जवळ आलेल्या उमेदवाराच्या दृष्टीने हे दुखणे म्हणजे हातची संधी निसटण्याची भीती असते.

पोलीस शिपाई पदाच्या मैदानी चाचणीत पुरुषांना १६०० मीटर आणि महिलांना ८०० मीटर धावावे लागते. पूर्वी पुरुषांसाठी हे अंतर ५ किलोमीटर होते. २०१४ साली मुंबईतील भरतीत धावताना काही उमेदवारांचे मृत्यू झाल्यानंतर ते कमी करण्यात आले. अंतर घटले तरी वेगाचे महत्त्व वाढले. पाच-साडेपाच मिनिटांत १६०० मीटर कापताना सुमारे एक हजार पावले पडतात. म्हणजे प्रत्येक गुडघा पाचशेच्या आसपास आघात सोसतो, आणि दर पावलाला शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार पेलतो.

दुखणे कुठे, त्यावरून कारण

मांडीचे हाड, नडगीचे हाड आणि वाटी यांच्या मिलनातून गुडघा बनतो. धावणाऱ्यांमध्ये सर्वाधिक आढळणारी तक्रार वाटीच्या भोवती किंवा मागे दुखण्याची असते. जिना उतरताना, उकिडवे बसताना, बराच वेळ मांडी घालून बसल्यावर ती वाढते. मुलींमध्ये तिचे प्रमाण अधिक आहे. गुडघ्याच्या बाहेरील बाजूस, ठरावीक अंतर धावल्यावरच उठणारी कळ ही मांडीच्या बाहेरून खाली येणाऱ्या पट्ट्याच्या ताणामुळे येते. वाटीच्या लगेच खाली दुखत असल्यास तेथील स्नायुबंधावर अतिरिक्त ताण आल्याचे समजावे. शाळकरी वयातील मुलांना नडगीच्या वरच्या टोकाशी उंचवटा येऊन दुखते. वाढीच्या वयातील हा त्रास विश्रांती आणि बेताच्या सरावाने बहुधा कमी होतो.

नडगीच्या हाडावर एकाच बिंदूवर दुखणे, दाबल्यास तीव्र कळ येणे हे हाडाला सूक्ष्म भेग पडल्याचे लक्षण असू शकते. अशा वेळी धावणे तत्काळ थांबवावे. अपुऱ्या आहारावर कठोर सराव करणाऱ्या मुलींची मासिक पाळी अनियमित झाली असल्यास हा धोका वाढतो.

मूळ चूक घाईची

यांपैकी बहुतेक तक्रारी पडझडीतून उद्भवत नाहीत. वर्षभर न धावलेले शरीर जाहिरात निघताच रोज पळविले जाते आणि पंधरा दिवसांतच वेगाची परीक्षा घेतली जाते, हे त्यांचे खरे कारण होय. फुप्फुसे आणि हृदय काही आठवड्यांत सरावतात. स्नायुबंध व हाडे यांना त्याहून बराच अधिक काळ लागतो. दम टिकू लागला म्हणून गुडघाही तयार झाला असे मानणे घातक ठरते.

म्हणून सरावाची सुरुवात जाहिरातीची वाट न पाहता करावी. आरंभी चालणे व सावकाश धावणे आलटून पालटून करावे. गेल्या महिनाभरातील सर्वात लांब धावेच्या मानाने एकदम मोठी झेप घेऊ नये. वेगाचा सराव आठवड्यातून दोनच दिवस ठेवावा आणि एक दिवस पूर्ण विश्रांती घ्यावी. मैदानात एकाच दिशेने फेऱ्या न मारता अधूनमधून दिशा बदलावी. पावले लांब टाकण्याऐवजी थोडी आखूड व जलद टाकल्यास गुडघ्यावरील भार कमी होतो. महागड्या बुटांपेक्षा पायाला नीट बसणारे, तळ न झिजलेले बूट महत्त्वाचे.

मांडी व नितंबाचे स्नायू बळकट असल्यास गुडघ्याला आधार मिळतो. भिंतीला पाठ टेकून अर्धे बसणे, कुशीवर झोपून पाय वर उचलणे, पायरीवरून एका पायावर सावकाश उतरणे आणि टाचा उचलणे हे व्यायाम आठवड्यातून तीनदा करावेत. त्यांचा परिणाम दिसण्यास किमान सहा आठवडे लागतात.

दुखणे सुरू झाल्यावर

धावताना सौम्य दुखत असेल आणि दुसऱ्या सकाळपर्यंत ते ओसरत असेल, तर अंतर व वेग कमी करून सराव चालू ठेवता येतो. दुखणे वाढत असेल किंवा लंगडावे लागत असेल तर धावणे बंद करून सायकल अथवा पोहण्याने दम टिकवावा. कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा मिनिटे लावल्यास वेदना कमी होते.

चाचणीच्या दिवशी वेदनाशामक गोळी किंवा इंजेक्शन घेऊन धावण्याचा मोह मात्र टाळावा. त्याने वेदना दबते, दुखापत तशीच राहून वाढते. विदर्भाच्या उन्हात शरीरातील पाणी कमी झालेले असताना अशी औषधे मूत्रपिंडालाही अपायकारक ठरू शकतात. वाटीखालच्या स्नायुबंधात स्टेरॉइडचे इंजेक्शन दिल्यास तो तुटण्याचा धोका असतो.

गुडघ्यात ‘कट्’ असा आवाज होऊन काही तासांत सूज येणे, गुडघा अडकणे, चालताना अचानक दगा देणे, पायावर भार न पेलणे किंवा सुजेसोबत ताप येणे ही लक्षणे दिसताच अस्थिरोगतज्ज्ञास दाखवावे. तुमसरच्या उपजिल्हा रुग्णालयात प्राथमिक तपासणी करून घेता येते. पुढील उपचारांसाठी भंडाऱ्याचे जिल्हा रुग्णालय आणि नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय हे पर्याय आहेत. मालीश करून किंवा झटका देऊन गुडघा ‘बसवून’ घेण्याच्या भानगडीत पडू नये.

धावण्याने गुडघे झिजतात हा समज सर्वसाधारण धावकांच्या बाबतीत खरा ठरलेला नाही. बेताने वाढविलेल्या सरावाने सांधा बळकटच होतो. भरती हुकली तर वयोमर्यादेच्या आत पुन्हा प्रयत्न करता येतो. गुडघ्याचा अस्थिबंध तुटला तर ती संधीही हाती राहील याची शाश्वती नसते. पहिल्या आठवड्यातील किरकोळ कळ वेळीच ओळखणे, हाच सर्वात स्वस्त उपचार आहे.