साष्टीतले शिकारी कुत्रे

आजच्या अंधेरी-बोरिवलीच्या जागी साष्टीची भातखाचरं होती, तेव्हा मुंबईतले इंग्रज विलायतेहून आणलेल्या फॉक्सहाउंड कुत्र्यांचा कळप सोडून, घोड्यांवरून तिथे कोल्ह्यांचा पाठलाग करत. धावणाऱ्या कुत्र्याची चाल पारखणं, त्याला दुखापतीपासून जपणं हे आजचं फॅड मानलं जातं. ते खरं नाही. पीटर बेकफर्डच्या १७८१ च्या शिकारग्रंथात कुत्र्याचे सरळ पाय, गोल पंजे आणि खांद्यांची ठेवण यांचा विचार आहेच. मात्र ही पारख निवडीसाठी होती. निवडलेला कुत्रा टिकवण्याची निकड तिच्यात कमी होती. थंड प्रदेशातल्या या जनावराला साष्टीचा दमट उकाडा कसा सोसावा? कुत्रा अंगभर घाम गाळत नाही, धापा टाकून थंड होतो, आणि हवा दमट असली की तोही उपाय तोकडा पडतो. वर कापणीनंतरची धसकटं आणि बांध, म्हणजे पंजांची परीक्षाच.

कुणी म्हणेल, इतका खर्च करून आणलेलं जनावर मालक जपणारच. जपत असतील; पण कळपात एक लंगडला तर शिकार थांबत नाही. पोलिसी श्वानाचं तसं नसतं. महिनोन्महिने शिकवलेलं नाक त्या एकाच देहात असतं. १९९३ च्या स्फोटांनंतर मुंबईत स्फोटकं हुडकणाऱ्या ‘झंजीर’ या लॅब्राडोरच्या जागी दुसरा कुत्रा लगेच उभा करता आला नसता. इथे सांधे, वजन, रोजची चाल यांवर नजर ठेवणं हा भूतदयेइतकाच हिशेबाचा भाग ठरतो.