वाशिष्ठीचा पूर: पाऊस, धरण, भरती आणि मोबाईलवरचा इशारा

चिपळुणात पाणी भरणार की नाही, हे तीन गोष्टींवर ठरतं. सह्याद्रीत पाऊस किती पडतोय, कोळकेवाडीकडून पाणी किती येतंय आणि दाभोळच्या खाडीत भरती आहे की ओहोटी. यातला एकच आकडा बघून अंदाज बांधला तर माणूस फसतो. अडचण अशी, की तिन्ही आकडे वेगवेगळ्या खात्यांकडे असतात.

पाऊस हवामान विभाग मोजतो. धरणाचे आकडे जलसंपदा विभागाकडे. समुद्राच्या लाटा आणि उधाणाचा इशारा हैदराबादचं 'इन्कॉइस' हे केंद्र देतं. मासळी कुठे मिळेल, हे मच्छीमारांना कळवणारं तेच.

धरणाचं गणित जरा वेगळं आहे. कोयना नदी वाहते पूर्वेला, कराडला कृष्णेत मिळते. पण विजेसाठी शिवसागरचं पाणी बोगद्यातून पश्चिमेला पोफळीला आणलंय. तिथून ते कोळकेवाडीत आणि पुन्हा वीज करून वाशिष्ठीत. म्हणजे साताऱ्यात पडलेला पाऊस रत्नागिरीच्या नदीत येतो. एका जिल्ह्याचे आकडे इथे पुरतच नाहीत.

२२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हा पौर्णिमा दोन दिवसांवर होती, म्हणजे उधाणाचे दिवस. वर घाटात धो धो पाऊस. खाडी भरलेली असली की नदीचं पाणी पुढे सरकत नाही, मागे फुगतं. धरणाच्या पाण्यावरून नंतर बराच वाद झाला.

माहिती एकत्र आणायचं काम सुरू आहे. केंद्राचा राष्ट्रीय जलविज्ञान प्रकल्प २०१६ मध्ये मंजूर झाला. नद्या, धरणं, भूजल यांचे आकडे 'इंडिया-डब्ल्यूआरआयएस' या सरकारी वेबसाईटवर कुणालाही बघता येतात. पण खरं सांगायचं तर ती वेबसाईट इंजिनिअरांच्या सोयीची आहे. आपल्या कामाचं आहे ते 'सचेत' ॲप. हवामान विभाग, केंद्रीय जल आयोग आणि इन्कॉइस या तिघांचे इशारे त्यात एकाच ठिकाणी येतात. ॲप नसलं तरी धोक्याच्या भागातल्या मोबाईलवर मेसेज पाठवण्याची सोय या यंत्रणेत आहे.

भरतीची वेळ मात्र पंचांगावरूनही काढता येते. तिथीची पाऊणपट करायची, की झाली भरतीची अंदाजे वेळ. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. जुनी मंडळी हेच करतात.

गावातल्या पऱ्ह्याला मात्र बहुतेक ठिकाणी कुणी मोजपट्टी लावलेली नसते. तिथलं पाणी चढलं तर कुठल्याच ॲपवर दिसणार नाही. अशा वेळी जिल्हा नियंत्रण कक्षाला १०७७ वर फोन करून गाव, वाडी आणि पाणी कुठपर्यंत आलंय ते सांगा.