नेरडीगोंडा : गावाने भूजलाचा कारभार हाती घ्यायचा तर काय काय लागते?

आदिलाबाद : निर्मळहून आदिलाबादकडे राष्ट्रीय महामार्ग ४४ ने येताना नेरडीगोंडा मंडल लागते. कडम नदीवरचा कुंटाला धबधबा याच मंडलातला. पावसाळ्यात इथे पाण्याची कमी नाही. जिल्ह्यात वर्षाला सरासरी हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तरी उन्हाळा आला की विहिरी तळ गाठतात, हातपंप कोरडे ओढतात आणि बोअरची गाडी गावात शिरते.

पाऊस भरपूर आणि उन्हाळ्यात टंचाई, याचे कारण जमिनीखाली आहे. शेजारच्या यवतमाळ, नांदेडप्रमाणे आदिलाबाद जिल्ह्याच्या मोठ्या भागात काळा पाषाण आहे. दक्षिणेला निर्मळच्या बाजूने ग्रॅनाइटचा कठीण खडक सुरू होतो. दोन्हीकडे पाणी साठते ते वरच्या मुरुमात आणि खडकाच्या भेगांत. ही टाकी लहान आहे. ती चार महिन्यांत भरते आणि रब्बीतल्या उपशाने झपाट्याने रिकामी होते. खोल गेलं की पाणी लागतंच, हा समज इथे महागात पडतो; कठीण खडकात खोलीबरोबर भेगा कमी होत जातात. शिवाय एकाच भेगेवर दोन बोअर असले तर दुसऱ्याला लागलेलं पाणी बहुतेक वेळा पहिल्याचंच असतं.

म्हणून भूजलाचा हिशेब एकट्याने ठेवता येत नाही. त्यासाठी गावपातळीवर एक यंत्रणा लागते. ती कशी असावी आणि तिला कायद्याचा आधार कुठे मिळतो, त्याची ही माहिती.

पाणी कुणाच्या मालकीचं?

देशात अजूनही १८८२ च्या सुखाधिकार कायद्याची छाया आहे. ज्याची जमीन, त्याला तिच्याखालचं पाणी उपसण्याचा हक्क, असा त्याचा अर्थ लावला जातो. त्यामुळे ज्याच्याकडे जमीन नाही, त्याचा पाण्याच्या हिशेबात नंबरच लागत नाही. पुढे राज्यांनी कायदे करून या हक्काला मर्यादा घातल्या.

तेलंगणात २००२ चा पाणी, जमीन आणि वृक्ष कायदा लागू आहे. लोक त्याला ‘वाल्टा’ म्हणतात. आंध्र प्रदेश एकत्र असताना झालेला हा कायदा राज्य वेगळे झाल्यावरही कायम राहिला. त्यात राज्य, जिल्हा आणि मंडल अशा पातळ्यांवर प्राधिकरणाची तरतूद आहे. विहीर-बोअरची नोंदणी आणि बोअरच्या गाडीची नोंदणी बंधनकारक आहे. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून २५० मीटरच्या आत खासगी विहीर किंवा बोअर घेता येत नाही. नव्या बोअरच्या परवानगीचा अर्ज मी-सेवा केंद्रातून करता येतो.

महाराष्ट्रात १९९३ च्या कायद्याने हेच अंतर ५०० मीटर ठरवले होते. त्यानंतरचा २००९ चा भूजल कायदा १ जून २०१४ पासून अमलात आला. त्याने ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधने आणली आणि पाणलोट क्षेत्रासाठी जलसंपत्ती समितीची तरतूद केली. पैनगंगेच्या अलीकडे-पलीकडे नियम वेगळे असले, तरी अडचण एकच आहे : कायदा कार्यालयात असतो आणि बोअर रात्रीत होतो.

विजेचं बिल आता अडवत नाही

पूर्वी विजेचं बिल आणि भारनियमन यामुळे उपशाला आपोआप आळा बसायचा. तेलंगणात १ जानेवारी २०१८ पासून शेतीला २४ तास मोफत वीज आहे. महाराष्ट्रानेही २०२४ मध्ये साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज जाहीर केली. शेतकऱ्याला याचा मोठा दिलासा आहे. पण ऑटो स्टार्टर लावलेली मोटर वीज आली की आपणहून सुरू होते आणि गरज नसतानाही पाणी ओढत राहते. बिलाचा धाक नसला की उपशाला लगाम घालायला गावाच्या ठरावाशिवाय दुसरं काही उरत नाही.

झालेले प्रयोग काय सांगतात?

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारचे उदाहरण सर्वांना माहीत आहे. तिथे पाऊस नेरडीगोंड्याच्या निम्म्याहूनही कमी. पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाल्यानंतर गावाने पाणलोटाची कामे केली. पण कामांइतकेच महत्त्वाचे होते निर्बंध : शेतीसाठी बोअर नाही, ऊस आणि केळी नाही. पावसाळा संपला की पडलेल्या पावसावरून पाण्याचा ताळेबंद मांडायचा. आधी माणसं, मग जनावरं, उरेल त्यावर रब्बीचं पीक. पाऊस कमी झाला, तर रब्बीचं क्षेत्रही कमी.

दुसरा प्रयोग तेलुगू मुलखातला. एकत्र आंध्र प्रदेशात २००३ च्या सुमारास सात दुष्काळी जिल्ह्यांत शेतकरी-व्यवस्थापित भूजल प्रकल्प सुरू झाला. आजच्या तेलंगणातले महबूबनगर आणि नलगोंडा त्यात होते, आदिलाबाद नव्हते. सहाशेहून अधिक गावांत शेतकरी स्त्री-पुरुष स्वतः पाऊस आणि विहिरीची पातळी मोजायला शिकले. त्यांच्यावर कोणतीही बंदी घातली नव्हती. आकडे भिंतीवर लिहिले जात आणि पीक ज्याचे त्याने ठरवायचे. अनेकांनी धान कमी करून कमी पाण्याची पिके घेतली. मात्र प्रकल्पाचा पैसा संपल्यावर बऱ्याच गावांत मोजणी आणि बैठका मंदावल्या.

अमेरिकेतील कॅलिफोर्नियाने २०१४ मध्ये कायदा करून तिसरी वाट धरली. भूजलाच्या महत्त्वाच्या खोऱ्यांनी २०१७ च्या जूनअखेरपर्यंत स्थानिक यंत्रणा उभी करायची. जिथे उपसा फार झाला आहे, त्यांनी २०४० पर्यंत तोल साधायचा. स्थानिकांना जमलं नाही, तर राज्य सरकार हस्तक्षेप करतं.

तिन्ही ठिकाणांहून एकच धडा मिळतो. नुसती माहिती काही काळ टिकते, नुसता कायदा कागदावर राहतो. मोजणी, ठराव आणि ठरावामागे सरकारी अधिकार, हे तिन्ही एकत्र असतील तरच यंत्रणा टिकते.

एक सोपा हिशेब

समजा, एखाद्या गावाचे शिवार १,००० हेक्टर आहे आणि पाऊस १,००० मिलिमीटर झाला. म्हणजे शिवारावर एक कोटी घनमीटर पाणी पडले. त्यातले बहुतेक वाहून जाते किंवा उडून जाते. खडक-मातीप्रमाणे प्रमाण बदलते, पण दहा टक्के मुरले असे धरले तर १० लाख घनमीटर होतात. सरकारी वर्गवारीत ७० टक्क्यांपर्यंतचा उपसा सुरक्षित मानतात. म्हणजे वापरायला ७ लाख घनमीटर.

दीड हजार वस्तीला माणशी रोज ५५ लिटर धरले, तर वर्षाला ३० हजार घनमीटर लागतात. जनावरे आणि इतर गरजांना २० हजार ठेवले. उरले साडेसहा लाख. एवढ्या पाण्यावर दोन पाळ्यांचा हरभरा सुमारे ५४० हेक्टर निघेल. उन्हाळी धान घेतले तर जेमतेम ५४ हेक्टर. खरिपात कपाशीला संरक्षित पाणी दिले, तर तेही यातूनच वजा होईल. पिण्याचं पाणी या हिशेबात फार थोडं आहे. तरी टंचाई आली की पहिली झळ त्यालाच बसते, कारण गावचा हातपंप शेजारच्या खोल बोअरशी स्पर्धा करू शकत नाही. मिशन भगीरथचा नळ आला, तरी पुरवठा खंडित झाला की लोक त्याच हातपंपाकडे वळतात.

नेरडीगोंड्यासाठी समिती कशी असावी?

हद्द ओढ्याची, पंचायतीची नव्हे. तेलंगणाच्या २०१८ च्या पंचायत राज कायद्यानंतर राज्यातले अनेक तांडे आणि गुडे स्वतंत्र ग्रामपंचायती झाले. लोकांना कारभार जवळ आला, पण एकाच ओढ्याचे पाणी तीन-चार पंचायतींत वाटले गेले. वरच्या तांड्याने बंधारा घातला आणि खालच्या गावाने बोअर मारले, तर ताळेबंद जुळणार नाही. एका ओढ्याच्या खोऱ्यातील पंचायतींनी मिळून समिती करावी.

बोअरवाल्यांबरोबर बिनबोअरवालेही हवेत. खोल बोअर असलेले, जुन्या विहिरीवर शेती करणारे, कोरडवाहू, भूमिहीन आणि पाणी भरणाऱ्या बाया, या सगळ्यांची जागा ठरलेली असावी. गोंड गुडा आणि बंजारा तांडा यांचे प्रतिनिधी नुसते सहीपुरते नसावेत. सूचना तेलुगूबरोबर मराठी आणि गोंडीतही सांगितली गेली, तर ठराव सगळ्यांचा होईल.

मोजणी सर्वांसमोर. प्रत्येक भागातील काही विहिरी निरीक्षणासाठी निवडाव्यात. महिन्यातून एकदा, सकाळी मोटर सुरू होण्याआधी, वजन बांधलेल्या टेपने पातळी मोजावी. मे महिन्यातला आणि पावसाळा संपतानाचा आकडा सर्वांत महत्त्वाचा. आकडे पंचायतीच्या भिंतीवर लिहावेत.

ठराव पेरणीआधी. ताळेबंद ऑक्टोबरमध्ये ग्रामसभेत मांडावा. रब्बीचं बियाणं घरात आल्यावर घेतलेला ठराव कुणी पाळत नाही.

ठरावामागे कायदा. नव्या बोअरच्या अर्जावर आधी समितीचे मत घ्यावे आणि तेच मंडल कार्यालयाकडे लेखी जावे. अनुसूचित क्षेत्रातील गावांना आणखी एक आधार आहे : १९९६ च्या पेसा कायद्याने लहान जलसाठ्यांचे नियोजन आणि व्यवस्थापन पंचायतींकडे दिले आहे. पेसात भूजलाचा वेगळा उल्लेख नाही. पण कुंटा, बंधारे आणि ओढे गावाच्या हाती असले, तर मुरणाऱ्या पाण्याचा मोठा भाग हाती येतो.

खर्च थोडा, पण कायमचा. पर्जन्यमापक, टेप, वही आणि मोजणाऱ्याचं मानधन, एवढंच लागतं. ते पंचायतीच्या अंदाजपत्रकात असावं. प्रकल्पावर विसंबलेली समिती प्रकल्पाबरोबरच जाते.

केंद्राची अटल भूजल योजना २०१९ मध्ये सात राज्यांसाठी सुरू झाली. महाराष्ट्र त्यात होता, तेलंगणा नव्हता. म्हणून महाराष्ट्रातल्या निवडक भागांतील गावांना मिळू शकणारा निधी नेरडीगोंड्याला त्या वाटेने मिळाला नाही. पण विहिरीची पातळी मोजायला आणि ऑक्टोबरच्या ग्रामसभेत आकडे मांडायला कुठल्याही योजनेची मंजुरी लागत नाही. सुरुवात तिथूनच होते, कारण किती पाणी आहे हे माहीत नसलेल्या गावाला पुढचा बोअर थांबवायला सांगता येत नाही.