सायकलवरचा साहेब आणि मातीचं घर

तालुक्याच्या गावातल्या महाविद्यालयात मी इंग्रजी शिकवते. चिनुआ अचेबे यांची 'थिंग्ज फॉल अपार्ट' ही १९५८ची कादंबरी आमच्या मुलांना नेमलेली आहे. बाजारातल्या गाईडांत तिच्या प्रतिमांचे अर्थ ओळीने छापलेले असतात : यामचा कंद म्हणजे पौरुष, आग म्हणजे नायकाचा संताप. मुलं ते पाठ करून येतात. मी त्यांना गाईड मिटायला सांगते आणि फळ्यावर नायजेरियाचा नकाशा काढते. त्यात आग्नेयेला ओवेरी नावाचं शहर दाखवते आणि त्याच्या भोवतालच्या इग्बो गावांत बांधल्या जाणाऱ्या मातीच्या घरांची हकिगत सांगते. त्या घराला म्बारी म्हणत.

गावावर एखादं मोठं संकट आलं की लोक दैवज्ञाकडे जात. कधीकधी कौल मिळे : अलाला घर हवं आहे. अला म्हणजे भूमी. पीक तिचं, मूल तिचं, मेलेले पूर्वज तिच्या पोटात, आणि गावाचे नीतिनियमही तिचेच. मग घराण्या-घराण्यांतून बायका-पुरुष निवडले जात. उंच कुंपणाआड, गावाच्या नजरेपासून दूर, जाणत्या कारागिरांच्या हाताखाली ते महिनोन्‌महिने राबत. वारुळांची माती आणायची, कुटायची, मळायची आणि तिच्यातून अख्खं जग उभं करायचं. मधोमध मूल घेऊन बसलेली अला. जवळपास गडगडाटाचा देव अमाडिओहा. भोवती बिबट्या, बाळंत होणारी बाई, शिलाई मशीनवर बसलेला शिंपी. चारचौघांत ज्यांचं नाव घ्यायचं नाही, अशा गोष्टीसुद्धा तिथे उघड दिसत. त्याच गर्दीत हॅट घातलेला गोरा साहेब असे : कधी जमिनीतल्या बिळातून वर येणारा, कधी गाडीत, कधी सायकलवर.

काम पुरं झालं की कुंपण पाडत, गाव जमे, उत्सव होई. त्यानंतर त्या घराला कोणी हात लावत नसे. आपल्याकडे गणपतीची माती वाजतगाजत पाण्यात जाते. म्बारीला असा निरोपही नव्हता. पावसाने भिंती खचत आणि माती मातीला मिळे. पुढे कधी देवीची आज्ञा झाली की नवी पिढी नवं घर बांधी. म्बारीत बांधण्याला मोल आहे, जपून ठेवण्याला नाही, हे अचेबे यांनी आपल्या निबंधांतून आवर्जून सांगितलं. साहेबाच्या मूर्तीबद्दलचं त्यांचं म्हणणंही मला फार मोलाचं वाटतं : घरात जागा देणं म्हणजे गौरव करणं नव्हे. जे आलं आहे, ज्याची भीती वाटते, त्याच्या अस्तित्वाची ती दखल असते.

त्या सायकलीला एक रक्ताळलेला इतिहास आहे. १९०५च्या नोव्हेंबरात स्ट्युअर्ट नावाचा ब्रिटिश डॉक्टर ओवेरीहून सायकलने निघाला आणि वाट चुकला. अहिआरा परिसरात लोकांनी त्याला ठार मारलं. त्यानंतर इंग्रजांनी सैन्य पाठवलं आणि गावंच्या गावं जाळली. कादंबरीत अबामे गावाची कथा येते. तिथले लोक 'लोखंडी घोड्या'वरून आलेल्या गोऱ्या माणसाला मारतात आणि तो घोडा पळून जाऊ नये म्हणून पवित्र झाडाला बांधतात. पुढे एका बाजाराच्या दिवशी सैनिक अबामेला वेढा घालतात आणि गोळ्या झाडतात. साम्राज्य इग्बो प्रदेशात दोन चाकांवरूनही आलं, ही गोष्ट ओवेरीच्या कारागिरांना ठाऊक होती आणि अचेबे यांनाही.

म्बारीत एकेक मूर्ती सुटी पाहता येत नाही. ती अलाच्या नजरेखाली असते आणि तिला शेजार असतो. कादंबरीतल्या प्रतिमाही मी अशाच शिकवते. टोळधाड म्हणजे गोऱ्यांची चाहूल, हे खरंच. दैवी कौलच तसं सांगतो. पण टोळ येतात तेव्हा उमुओफिया या नायकाच्या गावात आनंद असतो. लोक ते भाजून, पामच्या तेलाबरोबर खातात. नायक ओकोंक्वो आपल्या पोरांबरोबर टोळ खात बसला असताना एक वृद्ध येऊन सांगतो की इकेमेफुनाला मारायचं ठरलं आहे. घरात वाढलेल्या त्या मुलाच्या हत्येत तू सामील होऊ नकोस, असंही तो बजावतो. मेजवानीच्या शेजारी मुलाचा मृत्यू बसवलेला आहे. हे दिसलं की गाईडातलं समीकरण पुरत नाही.

कादंबरीत भूमीचं नाव अनी आहे आणि निवाडा तिचाच चालतो. शांततेच्या आठवड्यात बायकोला मारल्याबद्दल ओकोंक्वो दंड भरतो. चुकून सुटलेल्या गोळीने एक मुलगा मरतो आणि त्याला सात वर्षं गाव सोडावं लागतं. शेवटी तो गळफास घेतो. तोही भूमीचा अपराध, म्हणून भाऊबंद त्याच्या देहाला हात लावू शकत नाहीत. जिल्ह्याचा साहेब हे पाहतो आणि आपल्या पुस्तकात या माणसावर एखादा परिच्छेद लिहिता येईल असा विचार करतो. मात्र हा साहेब स्वतःच एका इग्बो लेखकाच्या पुस्तकाच्या शेवटच्या पानात बसवला गेला आहे, ओवेरीच्या मूर्तिकारांनी बसवला होता तसाच.

१९६१ साली नायजेरियातल्या इबादान शहरात लेखक-कलावंतांनी एक मंडळ काढलं. अचेबे यांनी सुचवल्यावरून त्याचं नाव म्बारी ठेवलं. वोले सोयिंका, जे. पी. क्लार्क, ख्रिस्तोफर ओकिग्बो ही मंडळी त्यात होती. ओकिग्बोचा 'हेवन्सगेट' हा संग्रह १९६२मध्ये म्बारीनेच छापला. दक्षिण आफ्रिकेतल्या सरकारने ज्याच्या लेखनावर बंदी घातली, त्या अ‍ॅलेक्स ला गुमाचं 'अ वॉक इन द नाइट' हे पुस्तकही त्याच वर्षी इथूनच निघालं. एका खेडवळ विधीच्या नावाखाली अख्ख्या खंडाचं साहित्य एकत्र आलं.

१९६७ साली नायजेरियातून फुटून निघालेल्या बिआफ्राचं युद्ध पेटलं. ओकिग्बो त्याच वर्षी आघाडीवर मारला गेला. १९७०मध्ये युद्ध संपलं तेव्हा ओवेरीचा मुलूख उपासमारीने पिचला होता आणि मातीची घरं बांधण्याची प्रथा ओसरत गेली.

म्बारीचा धर्म मात्र लेखनात टिकला. चिमामांडा न्गोझी अदिची यांच्या 'हाफ ऑफ अ यलो सन' या २००६च्या कादंबरीत रिचर्ड नावाचा इंग्रज इग्बो लोकांवर पुस्तक लिहू पाहतो. युद्ध पाहिल्यावर ती कथा आपली नव्हे हे त्याला पटतं. पुस्तक लिहितो तो खेड्यातून घरकामाला आलेला उग्वू. अचेबे यांच्या कादंबरीत साहेबाच्या हाती राहिलेली लेखणी अशी उग्वूकडे येते, आणि रिचर्डलाही त्याच घरात, त्याच्या योग्य जागी, जागा मिळते.