विद्येचे बेट आणि त्याचे बंदर

मंत्र, अंतर्धान, आकाशगमन आणि किमया शिकविणारी शाळा कथाकार बहुधा बेटावरच का बांधतात, हा प्रश्न लहान मुलाने विचारावा असा आहे. परंतु त्याचे उत्तर शोधू लागले की इतिहासात बरेच दूर जावे लागते. तसे पाहता अशा शाळेला डोंगर चालला असता, निबिड अरण्यही चालले असते. तरी कथाकाराची दृष्टी पाण्याकडेच वळते. अर्सुला ले ग्विन ह्या अमेरिकन लेखिकेने १९६८ साली प्रसिद्ध केलेल्या कादंबरीत जादूगारांचे विद्यालय रोक नावाच्या बेटावर वसविले, आणि पाश्चात्त्य वाचकांस ती कल्पना मोठी नवलाची वाटली. आपल्याकडे ती त्यापूर्वी निदान नऊशे वर्षांपासून नांदत आहे.

अकराव्या शतकात सोमदेवाने रचिलेला कथासरित्सागर उघडून पाहावा. त्यातील विद्याधर हे नावच बोलके आहे: विद्या धारण करणारे ते विद्याधर, आणि ही विद्या म्हणजे व्याकरण किंवा न्याय नव्हे, तर आकाशात उडण्याची, रूप पालटण्याची. त्यांची कनकपुरी शोधावयास निघालेल्या शक्तिदेवाची कथा पुष्कळांस ठाऊक असेल. समुद्रदत्त वाण्याच्या गलबतावर तो चढतो, गलबत फुटते, एक प्रचंड मासा त्यास गिळतो, आणि त्या माशाच्या पोटातून तो उत्स्थल बेटावरील कोळ्यांच्या राजासमोर जिवंत बाहेर येतो. पुढे भोवऱ्यावर ओणवलेल्या वडाच्या फांदीला तो लोंबकळतो, रात्री महाकाय पक्ष्यांचे बोलणे ऐकतो आणि त्यांतील एकाच्या पिसांत दडून कनकपुरी गाठतो. सामान्य माणसाच्या पायांनी जेथे पोहोचता येत नाही तेथेच ती विद्या असते, असा ह्या साऱ्या खटाटोपाचा भाव आहे.

ह्या माशाची आणि मराठी माणसाची ओळख जुनी आहे. नाथपंथाच्या आद्य गुरूचे नावच मत्स्येंद्र. त्याच्या नावावर मोडणारा ‘कौलज्ञाननिर्णय’ हा संस्कृत ग्रंथ नेपाळच्या दरबारी ग्रंथसंग्रहात अकराव्या शतकातील पोथीच्या रूपाने टिकून राहिला आणि प्रबोधचंद्र बागची यांनी तो १९३४ साली कलकत्त्याहून छापून प्रसिद्ध केला. त्यातील कथा अशी की, चंद्रद्वीप नावाच्या बेटावर असताना कार्तिकेयाने रागाच्या भरात शास्त्र पळवून समुद्रात फेकले. ते माशाने गिळले. तेव्हा भैरवाने ब्राह्मणपण टाकून कोळ्याचे रूप घेतले, जाळे टाकले आणि माशाचे पोट फाडून शास्त्र परत मिळविले. कोळी होण्याची ही अट मला फार अर्थपूर्ण वाटते. समुद्रातील विद्या हवी असेल तर समुद्रावर पोट भरणाऱ्याची जात स्वीकारावी लागते, हे ज्याने लिहिले त्याला किनाऱ्याची काही तरी माहिती असली पाहिजे. हे चंद्रद्वीप बंगालच्या दक्षिणेस, नद्यांच्या मुखाजवळील बाकरगंज भागात असावे, असे मत अनेकांनी मांडले आहे.

तीच कथा वेगळ्या रूपात नेवाशास येते. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० साली पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीच्या अखेरीस ज्ञानदेव आपली गुरुपरंपरा सांगतात. क्षीरसागराच्या परिसरात शंकरांनी शक्तीच्या कानी जे सांगितले, ते लाटांमध्ये मगरीच्या उदरात गुप्त असलेल्या मत्स्येंद्राला लाभले. तो सप्तशृंगावर हातपाय तुटलेल्या चौरंगीला भेटला. पुढे गोरक्ष, गहिनी, निवृत्ती असे करीत ते ज्ञान ज्ञानदेवांपर्यंत आले. येथे बेट गळून पडले आहे, केवळ तीर आणि लाटा उरल्या आहेत. आणि ज्याला कानात सांगितलेले गुपित म्हणत होते त्याची गोदावरीच्या खोऱ्यात गावकऱ्यांपुढे मराठीत फोड होत आहे. पुढे शके १७४१ मध्ये धुंडिसुत मालूने रचिलेल्या नवनाथ भक्तिसारात मंत्र, अस्त्रे आणि शाबरी विद्या यांना पुन्हा बहर आला तो वेगळा. घरोघरी पारायणे होतात ती ह्याच ग्रंथाची. चमत्काराची गोडी लोकांस सुटत नाही, त्याला इलाज नाही.

आता आमच्या छत्तीसगडाकडे वळतो, कारण अशा बेटाचा एक विद्यार्थी आमच्या भागातला होता असे परंपरा मानते. ह्युएनत्संग हा चिनी यात्रेकरू इ.स. ६३९ च्या सुमारास कोसल देशात, म्हणजे दक्षिण कोसलात आला. त्याची राजधानी कोठे होती ह्यावर वाद झाले. कनिंगहॅमने १८७१ सालच्या ग्रंथात चांद्याच्या बाजूने कौल दिला. आज पुष्कळ अभ्यासक महानदीकाठच्या सिरपूरकडे बोट दाखवितात. भिलाईहून हे सिरपूर शंभर किलोमीटरांहून थोडे अधिक अंतरावर आहे. डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी १९५३ ते १९५६ च्या दरम्यान तेथे उत्खनन करून महाशिवगुप्त बालार्जुनाच्या काळातील, आनंदप्रभु नावाच्या भिक्षूने बांधविलेला विहार उजेडात आणला. ते स्थळ पाहताना हे काम एका मराठी संशोधकाच्या हातून झाले ह्याचा मला अभिमान वाटतो, हे कबूल करण्यास हरकत नाही.

ह्युएनत्संगाने कोसलात ऐकलेल्या कथा नागार्जुनाच्या आहेत. राजाने डोंगर कोरून पाच मजल्यांचा विहार आरंभिला, खजिना संपला, तेव्हा नागार्जुनाने औषधीचे थेंब शिंपडून खडकांचे सोने केले. ही विद्या त्याला कोठे मिळाली ह्याचे उत्तर तिबेटी परंपरेने दिले आहे. चौदाव्या शतकातील बुस्तोनच्या इतिहासात ती कथा येते. नालंदेस दुष्काळ पडला. सोने करण्याची विद्या समुद्रातील बेटावर राहणाऱ्या एका किमयागाराकडे होती. नागार्जुन चंदनाची दोन मंत्रसिद्ध पाने घेऊन समुद्र ओलांडून गेला. एक पान हातात होते, दुसरे पादत्राणाच्या तळाशी. किमयागार धूर्त होता. हा मनुष्य येथवर आला त्या अर्थी समुद्र तरण्याची युक्ती ह्याच्याकडे आहे हे ओळखून त्याने विद्येच्या बदल्यात विद्या मागितली. नागार्जुनाने हातातील पान देऊन टाकले. आता हा परत जाऊ शकत नाही अशा समजुतीने किमयागाराने त्यास सारे शिकविले, आणि शिष्य पायाखालच्या पानाच्या बळावर घरी परतला. कारकुनी दृष्टीने पाहिले तर हा तंत्रविनिमयाचा करारच झाला, त्यातील एक कलम मात्र एका पक्षाने उघड केले नाही. (ज्या गावी बसून हे लिहीत आहे तेथेही १९५९ च्या फेब्रुवारीपासून दगड वितळवून लोखंड काढतात. परंतु त्याला राजहऱ्याच्या खाणीतील खनिज लागते, नंदिनीची चुनखडी लागते, आणि मूळ विद्या १९५५ साली सोव्हिएत सरकारशी केलेल्या लेखी कराराने आली.)

शून्यवादाचा आचार्य नागार्जुन आणि रसविद्येचा नागार्जुन हे एकच असण्याचा संभव फार थोडा. इ.स. १०३० च्या सुमारास लिहिणाऱ्या अल्बेरुनीने सोमनाथजवळच्या दैहक किल्ल्यातील एक रसायनी नागार्जुन आपल्यापूर्वी सुमारे शंभर वर्षे होऊन गेल्याचे सांगितले आहे. माध्यमिक आचार्य त्याच्या कितीतरी शतके आधीचा. लोकांनी दोघांना एका अंगरख्यात घातले. असो.

ह्या कथा कोठे लिहिल्या आणि जपल्या गेल्या, हे पाहण्यासारखे आहे. सोमदेव काश्मीरचा. बुस्तोन तिबेटचा. कौलज्ञाननिर्णयाची पोथी नेपाळात. नागार्जुनाची किमया ह्युएनत्संगाने ऐकली ती कोसलात, जेथून समुद्र बराच दूर आहे. जे जे समुद्रापासून दूर, त्यांच्या हातून बेटावर जादू चढत गेली. सोमदेवाच्या कथांचे मूळ असलेली बृहत्कथा गुणाढ्याने सातवाहनांच्या प्रतिष्ठानात, म्हणजे आपल्या पैठणात, पैशाची भाषेत रचिली असे परंपरा सांगते. पैठणचा माल नाणेघाट उतरून कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांवर जात असे. तेथील श्रोत्याला गलबत फुटणे म्हणजे काय, हे ठाऊक होते. समुद्रदत्तासारखे वाणी त्याच्या शेजारी राहत असतील. मूळ ग्रंथ आज उपलब्ध नाही, त्यामुळे त्यात जादू किती होती ह्यावर पैज लावता येत नाही; परंतु काश्मीरच्या बर्फात लिहिताना सोमदेवाला बंदराचा गजबजाट आठवण्याचे कारण नव्हते.

उलट जे प्रत्यक्ष गेले त्यांनी काय लिहून ठेविले? इ-त्सिंग हा चिनी भिक्षू ६७१ साली कँटनहून निघाला आणि वीस दिवसांच्या आत सुमात्रा बेटावरील श्रीविजयास पोहोचला. सहा महिने राहून तो तेथे शब्दविद्या, म्हणजे संस्कृत व्याकरण शिकला. तेथे हजारांहून अधिक भिक्षू असून ते मध्यदेशातील भिक्षूंप्रमाणेच अध्ययन करितात, तेव्हा हिंदुस्थानास जाऊ इच्छिणाऱ्या चिनी भिक्षूने आधी एक-दोन वर्षे येथे राहून तयारी करावी, असा सल्ला त्याने दिला. बेटावरची शाळा होती ती अशी: प्रवेशपरीक्षेच्या तयारीची! अमोघवज्र हा मंत्रयानाचा आचार्य आपला गुरू वज्रबोधी वारल्यावर ७४१ साली चीनहून सिंहलास गेला आणि ७४६ साली सुमारे ५०० ग्रंथ घेऊन परतला. मंत्र, मंडल, अभिषेक हे सारे त्यात होते. ह्याहून जादूच्या शाळेजवळ जाणारा दुसरा दाखला मला माहीत नाही. पण तो राजाच्या आतिथ्याने राहिला आणि व्यापारी मार्गाने आला-गेला. पुढे नवव्या शतकात सुवर्णद्वीपाच्या बालपुत्रदेव राजाने नालंदेस विहार बांधला व त्याच्या खर्चासाठी देवपालाने पाच गावे लावून दिली, हे ताम्रपटावर कोरलेले आहे. म्हणजे बेटानेही इकडे वसतिगृह उघडले होते.

ही ये-जा दुहेरी होती ह्याची एक सुंदर खूण ह्युएनत्संगाच्या कोसलवर्णनातच दडलेली आहे. सिंहलातून आलेला देव, म्हणजे आर्यदेव, नागार्जुनाच्या दाराशी आला. नागार्जुनाने काही न बोलता पाण्याने काठोकाठ भरलेले पात्र बाहेर पाठविले. देवाने त्यात एक सुई सोडली. गुरूने शिष्य ओळखला. बेटावर जन्मलेला विद्यार्थी आमच्या कोसलात शिकावयास आला, ही गोष्ट सोन्याच्या थेंबांपेक्षा मला अधिक मोलाची वाटते. पण पारायणाला सोनेच लागते.

मग बंदर विसरले का गेले? एक कारण अंतर, ते वर आलेच. दुसरे कारण आपल्या धर्मशास्त्रात आहे. बौधायनाने समुद्रप्रवास हा पातित्य आणणारा म्हटला, तरी तो उत्तरेकडील लोकांचा रूढ आचार असल्याचेही नमूद केले. पुढे बृहन्नारदीय पुराणासारख्या ग्रंथांतील वचनांच्या आधारे निबंधकारांनी समुद्रगमन कलिवर्ज्यांत घातले. महामहोपाध्याय काण्यांनी ह्या कलिवर्ज्यांचा विस्तृत परामर्श घेतला आहे. नियम झाला म्हणून गलबते थांबली नाहीत, कोळी, भंडारी, मुसलमान खलाशी समुद्रावर जातच होते. परंतु जे लिहिणारे होते त्यांनी जाणे सोडले, आणि जे जात होते ते लिहीत नव्हते. लेखणी आणि सुकाणू यांची अशी फारकत झाली की बेटाचे वर्णन करावयास कल्पनेखेरीज साधन उरत नाही.

ह्यास उतारा म्हणून मराठी मुलुखातीलच एक बेट दाखवावेसे वाटते. साष्टी हे बेट होय, हे आज तेथे राहणाऱ्या लाखो लोकांच्या ध्यानीमनीही नसते. त्याच्या मध्यावरील डोंगरात, दाट झाडीच्या आड, कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी आहेत: भिक्षूंच्या खोल्या, निजण्याचे दगडी ओटे, प्रत्येक लेण्याजवळ पावसाचे पाणी साठविणारी टाकी. कथाकाराने मागावे ते सर्व एकांतात आहे. शिलाहार पुल्लशक्तीच्या काळच्या, शके ७६५ च्या सुमाराच्या तेथील लेखात दुरुस्ती व चीवरे यांच्याबरोबर ग्रंथांसाठीही द्रव्य ठेवल्याची नोंद आहे. दहाएक वर्षांनंतरच्या दुसऱ्या लेखात गौड देशातून आलेल्या अविघ्नाकर नावाच्या उपासकाचे दान आहे. सबंध हिंदुस्थान ओलांडून आलेला बंगाली येथे खोल्या बांधवून देतो आणि त्यासाठी शंभर द्रम्म ठेवतो. हिशेब चोख आहे. दप्तरात आयुष्य घालविणाऱ्यास अशा नोंदी वाचताना फार समाधान होते.

आणि ह्याच डोंगराशी एक मोठे नाव कदाचित जोडता येईल. अतीश दीपंकर हा बंगालचा आचार्य तरुणपणी कृष्णगिरीच्या विहारात राहुलगुप्तापाशी गुह्य विद्येची दीक्षा घेऊन ‘गुह्यज्ञानवज्र’ झाला, असे तिबेटी चरित्रे सांगतात. कान्हेरीचे जुने नाव कृष्णगिरीच. काही अभ्यासक त्यामुळे कान्हेरी म्हणतात, काही राजगृहाजवळचा डोंगर मानतात. निर्णय देण्याइतका पुरावा नाही. पुढे १०१२-१३ च्या सुमारास अतीश सुवर्णद्वीपास निघाला. वाटेत वर्षाहून अधिक काळ गेला, आणि तेथे धर्मकीर्ती नावाच्या गुरूपाशी तो बारा वर्षे राहिला. इतके करून तो शिकला काय? किमया नव्हे, आकाशगमन नव्हे. दुसऱ्याचे दुःख आपले मानण्याची बोधिचित्ताची साधना. तिबेटात आजही त्या गुरूची आठवण ह्याचसाठी काढतात. तो परतला त्या सुमारास, १०२५ मध्ये, राजेंद्र चोळाचे आरमार श्रीविजयावर चालून गेले.

अतीश समुद्रावर निघण्यापूर्वी तीन-चार वर्षे, इ.स. १००९ मध्ये, कान्हेरीस काही पारशी पाहुणे आले होते. ते लेणी हिंडले आणि एका लेण्याच्या भिंतीवर पेहलवी लिपीत आपली नावे व तारीख लिहून गेले. १०२१ साली आणखी काही मंडळी आली, त्यांनीही तसेच केले. ती अक्षरे अद्याप तेथे आहेत.