व्यक्तिनामे (वर्धा जिल्हा)
सिंदी (रेल्वे) हे नागपूर–वर्धा लोहमार्गावरचे गाव. या भागातल्या अनेक मराठी घरांत बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगते. नक्षत्रावरून काढलेले राशीनाव मात्र बहुधा पत्रिकेतच राहते. मुले जगत नसत त्या घरांत नजर लागू नये म्हणून दगडू, धोंडू, भिकाजी अशी नावे मुद्दाम ठेवत. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने सुनेचे नवे नाव लिहीत. या प्रथांतला हा सर्वांत एकतर्फी भाग. लाडाचे नाव कधी मूळ नावाला झाकून टाकते. हिंगणघाटला १९१४ साली जन्मलेले मुरलीधर देवीदास आमटे घरच्या लाडामुळे ‘बाबा’ झाले, संतपणामुळे नव्हे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांत वडिलांच्या नावाआधी आईचे नाव लिहिणे बंधनकारक आहे.