पोटाचा कॅन्सर उशिरा कळला, तर डॉक्टरांवर दावा करता येतो का?

जठराचा कर्करोग सुरुवातीला ॲसिडिटीसारखाच वागतो. जळजळ होते, दोन घास खाल्ले तरी पोट भरल्यासारखं वाटतं, जेवण नकोसं होतं. अशा तक्रारी सांगणाऱ्या बहुतेकांना कर्करोग नसतो. त्यामुळे आधी पँटोप्राझोल किंवा ओमेप्राझोल देऊन पाहणं ही चूक मानली जात नाही. अडचण नंतर येते. या गोळ्यांनी आम्ल कमी झालं की कर्करोगाचा व्रणसुद्धा काही काळ भरून आल्यासारखा दिसू शकतो. रुग्णाला बरं वाटतं, गोळी चालू राहते आणि महिने निघून जातात.

हा वेळ महागात पडतो. अमेरिकेतल्या आकडेवारीनुसार आजार जठरापुरताच असताना सापडला, तर चारपैकी साधारण तीन रुग्ण पाच वर्षांनंतरही जिवंत असतात. दूरच्या अवयवांत पसरल्यावर सापडला, तर हे प्रमाण दहात एकापेक्षाही कमी होतं. जपानमध्ये ५० वर्षांनंतर नियमित जठर तपासणी होते. भारतात तशी सरकारी मोहीम नाही, म्हणून इथे सगळी मदार लक्षणांवरच असते.

धोक्याची लक्षणं कोणती?

कारण नसताना वजन घटणं, गिळताना अडकणं, सतत उलट्या, रक्ताची उलटी, डांबरासारखं काळं शौचास होणं, हिमोग्लोबिन कमी होणं. यातलं काही असेल तर नुसती गोळी पुरत नाही, एंडोस्कोपीचा विचार व्हायला हवा. एंडोस्कोपी करूनही निदान हुकू शकतं. व्रणाचे एक-दोनच तुकडे काढले तर कर्करोगाच्या पेशी निसटू शकतात, म्हणून साधारण सहा ते आठ तुकडे घ्यावेत असं सांगितलं जातं. एक प्रकार तर अस्तराखालून पसरतो. त्यात बायोप्सी 'नॉर्मल' येते आणि घरचे निर्धास्त होतात.

मग दावा कधी टिकतो?

निदानाला उशीर झाला, एवढ्यानं निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्ये पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. २००५ च्या निकालात कसोटी स्पष्ट झाली: त्या क्षेत्रातल्या साधारण कौशल्याच्या डॉक्टरानं अशा वेळी जे केलं असतं, ते झालं का? वजन घटल्याची नोंद केसपेपरवर आहे आणि तरीही वर्षभर तीच गोळी लिहिली गेली, तर प्रश्न गंभीर होतो. रुग्णानं ते सांगितलंच नसेल, तर बाजू कमकुवत होते.

खरी लढाई मात्र दुसऱ्या मुद्द्यावर होते: वेळेवर निदान झालं असतं तर काय फरक पडला असता? ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्ससमोर २००५ मध्ये लिम्फोमाचा एक खटला आला. नऊ महिन्यांच्या उशिामुळे बरं होण्याची शक्यता ४२ टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर आली होती. मुळातच ती निम्म्याहून कमी होती, म्हणून तीन विरुद्ध दोन मतांनी दावा फेटाळला गेला. रुग्णाच्या बाजूनं पाहिलं तर हे तर्कशास्त्र कोरडंच वाटतं. भारतीय आयोगांवर तो निकाल बंधनकारक नाही, पण उशिरामुळे नेमकं किती नुकसान झालं, हे इथेही तज्ज्ञांच्या मतानं दाखवावं लागतं.

मुदत आणि कागदपत्रं

ग्राहक आयोगाकडे तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे. ती कधीपासून मोजायची, यावर वाद होतो. गोव्याच्या एका रुग्णाच्या पोटात शस्त्रक्रियेनंतर कापडाचा तुकडा राहिला होता. तो नऊ वर्षांनी सापडला. इतकी वर्षं दुखत असताना त्याच डॉक्टरकडे विचारणा का केली नाही, असं म्हणत सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये तक्रार मुदतबाह्य ठरवली.

उपचारासाठी दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगाकडे जाते. ती ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाही. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल डॉक्टरच्या नोंदणीवर कारवाई करू शकते, भरपाई मात्र देत नाही.

वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांनुसार दाखल रुग्णाच्या नोंदी तीन वर्षं जपाव्या लागतात आणि मागितल्यावर ७२ तासांत द्याव्या लागतात. बायोप्सीच्या स्लाइड आणि ब्लॉकही मागून घ्यावेत, दुसरा पॅथॉलॉजिस्ट ते पुन्हा तपासू शकतो. ओपीडीच्या चिठ्ठ्या मात्र बहुधा घरीच असतात, अनेकदा औषधांच्या पिशवीत चुरगळलेल्या. पहिल्यांदा तक्रार कधी सांगितली, हे त्यांवरच्या तारखांवरूनच कळतं.